पंच्याण्णवची तार

वेराने पाकीट काउंटरवर सरकवलं
आणि माझ्या हातांकडे बघायचं टाळलं.
जाडी पंच्याण्णव. आजवर होती एकशेदहा.
फरक पंधरा हजारांश इंच,
म्हणजे केसभर नव्हे, पाच केसभर.
"हल्ली बरेच जण बदलतात," ती म्हणाली.
तिच्या वडिलांना बास मीच शिकवला.
बारीक तारा मासे धरायला असतात,
असं मीच त्यांना सांगायचो.

डॉक्टरबाईंनी क्ष-किरणाचा फोटो खिडकीला धरला होता:
अंगठ्याच्या मुळाशी कूर्चा संपलेली,
हाड थेट हाडाच्या घरी राहायला आलेलं.
काम काय करता?
कागद गिरणीत होतो, चौतीस वर्षं.
शनिवारी तळ्याकाठच्या नाचघरात वाजवतो
हे सांगितलं नाही.
त्याला मी तोवर काम म्हणत नव्हतो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल पसरला,
बास आडवा ठेवला, खुंट्या सैल केल्या.
सगळ्यात जाड तार सुटताना
एकदाच खोल कण्हली आणि वेटोळं करून बसली,
एकवीस वर्षं जिथे वाकली होती
तिथे तशीच वाकलेली.
कॉफीच्या डब्यात ठेवली. टाकवेना.

नव्या चढवल्या. सूर लावला.
पहिल्याच पडद्यावर खर्रर्र.
दुसऱ्यावर खर्रर्र.
टोर्स्टीला फोन केला; तो अकॉर्डियन वाजवतो
आणि प्रत्येक गोष्टीतलं थोडंथोडं जाणतो.
"मान मागे गेली असणार," तो म्हणाला.
"चाळीस वर्षं जे पुढून ओढत होतं ते ढिलं पडलं,
आतली सळई मात्र अजून जुन्याच भाराशी झुंजतेय.
पाव वेढा सैल कर. मग झोप.
लाकडाला एक रात्र लागते."

ओझं उतरलं की मान आपोआप सरळ होते
असं मी धरून चाललो होतो.
खरं तर मला माहीत असायला हवं होतं.
गिरणी बंद झाली त्या हिवाळ्यात
मी पहाटे चारला उठून डबा भरायचो
आणि बूट घालून दाराशी उभा राहायचो.
हिल्का काही म्हणायची नाही.
दुपारी तोच डबा उघडून
ताटात वाढायची.

पाव वेढा.
सकाळी खरखर गेली, तिसऱ्या पडद्यावरची तेवढी उरली.
तिला राहू दिलं.

शनिवार. जुलै. रात्रीचे दहा
आणि तळ्यावर अजून ऊन.
पहिल्या टँगोला सवयीने तार दाबली
तर सूर वर सरकला, टोर्स्टीने डोळे वटारले.
हिला दाबायचं नसतं.
हिच्यावर बोट ठेवायचं,
झोपलेल्याच्या खांद्यावर ठेवतात तसं,
आणि थांबायचं.
मला थांबता येत नाही. दुसऱ्या टँगोपर्यंत
थोडंसं आलं. तिसऱ्याला पुन्हा गेलं.
अंगठा मात्र गप्प होता.

मधल्या सुट्टीत लेम्पी पार्व्हियाइनेन मंचापाशी आली.
वय ब्याऐंशी, दोन्ही कानांत यंत्रं;
ठेका ती तळपायांनी घेते, फळ्यांमधून.
"बरं नाहीये का, एन्सिओ?
आज जमीन पातळ लागतेय."
तारा बदलल्या, मी ओरडून सांगितलं. हात दुखतो.
तिने माझ्या हाताकडे नाही,
आपल्या बुटांकडे पाहिलं.

मग बायकांनी जोडीदार निवडायची पाळी आली.
गायक म्हणाला, बासचा आवाज वाढव की.
मी कळीपर्यंत हात नेला
आणि तेवढ्यात दिसलं:
मंचाला लागून लेम्पी नाचत होती, मोज्यांवर,
बूट भिंतीशी जोडीने उभे.
हात परत तारेवर आणला.
तिसऱ्या पडद्यावर ती उरलेली खरखर आली,
आणि लेम्पीने, माझ्याकडे पाठ असतानाच,
मान हलवली.