इतर, कृपया नमूद करा

एम.कॉम.च्या प्रोजेक्टला शंभर विद्यार्थी लागतात.
नव्व्याण्णव मी कॉलेज रोडच्या कट्ट्यांवर गाठले.
प्रश्न अकरावा: पैसे कुठे गुंतवायचे, हे तुम्ही कशावरून ठरवता?
परतावा, जोखीम, मित्र, घरचे, मोबाईलवरचे व्हिडिओ.
एक ते पाचपैकी एका आकड्याला गोल.

हर्षद बोरस्तेनं सगळीकडे पाच केले,
फॉर्मकडे न बघता,
कारण त्याचा शेअर तेव्हा वर चालला होता.
दुपारी पडला. फॉर्म परत मागायला आला.
दिला नाही. डेटा म्हणजे डेटा.

सायमा कोकणीनं पेनाचं टोपण चावत विचारलं,
व्याज नकोच असेल, तर कुठला रकाना?
तो माझ्याकडे नव्हता.
तिनं समासात बारीक अक्षरांत लिहिलं,
आणि तेवढंच माझ्या तक्त्यात कुठे बसेना.

तुषार गांगुर्डे म्हणाला,
मेसचे भरून एकशे चाळीस उरतात,
त्यांचं काय करू ते तूच सांग.
विचारणारीनं सांगायचं नसतं, मी म्हटलं.
मग आम्ही ते मिसळीत गुंतवले.
परतावा लगेच मिळाला, नाकाडोळ्यांतून.

घरी, जेलरोडला, पप्पा प्रेसमधून आले होते.
अठ्ठावीस वर्षं नोटा तपासतात:
शाई फाकलेली, आकडा सरकलेला,
चुकलेली नोट बाजूला.
एवढा पैसा हाताखालून गेला
की आता त्यांना त्यात फक्त दोष दिसतो.
त्यांचं सगळं पोस्टात.
"छापतो आम्ही," म्हणतात,
"किंमत कोण ठरवतं, तो माणूस काही मला भेटला नाही."

आईची भिशी सोळा जणींची.
सही नाही, फॉर्म नाही,
चिठ्ठी उचलायला कुणाचं तरी शेंबडं पोर.
जोखीम? म्हणाली,
कल्पना बुडवून जाईल कुठं,
तिचा मोठा कुकर माझ्याकडे आहे.

रात्री शंभरावा फॉर्म मीच भरला.
नियमात बसत नाही, माहितीय.
महिना पाचशे, ॲपवर, नुकतेच सुरू केलेले.
परतावा: दोन. मित्र: तीन.
घरचे,
इथे पेन थांबलं.
बाहेरच्या खोलीत पप्पा
वीजबिलासाठी काढलेली पाचशेची नोट
ट्यूबलाइटसमोर धरून बघत होते,
सवयीनं. घरातलीच नोट.

'इतर'पुढच्या ठिपक्यांवर मी लिहिलं:
उजेडात धरून पाहिली.
सर विचारतील,
हे बेरजेत कुठे टाकायचं.