अजून नाही, चार

नील्टनने फाईल पाठवली मंगळवारी,
नाव: 'अजून नाही, चार'.
खाली एक ओळ: फक्त तुझ्या कानांपुरतं.

ती ओळ मी वाचली होती. नव्हती वाचली असं म्हणणार नाही.

अमादोराच्या सातव्या मजल्यावर
वाळत घातलेल्या चादरींमागे उभी राहून
मी ते ऐकलं, नऊ वेळा.
ढोल असा, की जिना उतरताना
एक पायरी कमी निघावी आणि पाय हवेतच राहावा.
मग दोन मिनिटं अकरा सेकंदांवर एका बाईचा आवाज,
फोनमधला, खरखरीत, क्रियोल भाषेत:
भात झाकून ठेवलाय.
बापाचा फोन आला तर मी झोपलेय म्हणून सांग.
आणि त्या 'सांग'वर सगळा ढोल पुन्हा कोसळायचा.

फिर्मिनो, ज्याने मला सुई बदलायला शिकवली,
म्हणायचा,
दुसऱ्याचं बाहेर न आलेलं गाणं
म्हणजे दुसऱ्याच्या घरचं न ठरलेलं लग्न.
पत्रिका तू वाटायच्या नसतात.
विचारायचं. तो हो म्हणाला तरी
दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीवर असताना, पुन्हा विचारायचं.
वाजवलंच तर मध्ये बोलायचं, खोकायचं,
म्हणजे कुणाला कोरं उचलून नेता येत नाही.
नाव घ्यायचं.
नको म्हणाला असेल तर नावही नाही घ्यायचं.

मला हे सगळं पाठ होतं.
पाठ असणं आणि पाळणं यांच्यामध्ये
एक बटण असतं, हिरवं, बोटाएवढं.

गुरुवारी रात्री एक ते तीन माझा कार्यक्रम,
चपलांच्या दुकानामागच्या खोलीतून.
पावणेदोनला एक गाणं संपत आलं,
पुढच्याचा वेग काही केल्या जुळेना,
आणि 'अजून नाही, चार' तिथे बसलं
भांड्यावर त्याचंच झाकण बसावं तसं.
मी खोकले नाही.
वाटलं, या वेळी ऐकतंय कोण.

ऐकत होती डोना झुलमिरा.
साल्दान्याच्या काचेच्या इमारतीत, विम्याच्या कचेरीत,
हातात फरशी पुसायचं फडकं, बादलीच्या कडेला फोन,
मुलाच्या दोस्तांचा कार्यक्रम म्हणून
दर गुरुवारी लावलेला.
फोनमधून तिलाच तिचा आवाज आला.
भात झाकून ठेवलाय.
सोबतच्या दोघी हसल्या, म्हणे.
मग बापाचं वाक्य आलं, आणि दोघी
आपापल्या टेबलांखालचा कचरा काढू लागल्या.

शनिवारपर्यंत ते रॉटरडॅमला पोचलं होतं,
कुणीतरी कोरं उचललेलं.
रॉटरडॅमला बाप असतो.

नील्टन भांडला असता तर बरं झालं असतं.
तो खुर्चीच्या कडेवर बसला, जॅकेट न काढता.
म्हणाला, तो आवाज तात्पुरता होता गं,
जागा धरायला सीटवर रुमाल टाकतात, तसा.
आईला विचारणार होतो. नाहीतर काढणार होतो.
ठरत नव्हतं.
म्हणून तर ते नाव.

त्याची कॉफी मी दुसऱ्या दिवशी ओतून दिली.

रविवारी मी त्याच्या आईकडे गेले.
तिने दार उघडलं, बाजूला झाली, बस म्हणाली नाही.
मी काय बोलले ते इथे लिहीत नाही,
माफीची भाषा सगळीकडे सारखीच ओशाळी असते.
ती म्हणाली,
मी ते माझ्या मुलाला सांगितलं होतं,
लिस्बनला नाही.

बराच वेळ कुकरखाली ज्योत नुसतीच जळत होती.
मग तिने विचारलं, ढोल चांगला आहे का?
माझ्या आवाजापुढे मला तो ऐकूच आला नाही.
आहे ना तुझ्याकडे? लाव बरं.

फाईल माझ्या खिशातच होती.
मी म्हटलं, थांबा, नील्टनला विचारते.

रिंग वाजत राहिली.
तिने दोन ताटं घेतली.
तो उचलत नव्हता.
आम्ही भात खायला बसलो.