एक कुणाचा?

चिंचेरोच्या उंचीवर पाणी घाईनं उकळतं
आणि तरी पुरतं तापत नाही.
तुझंही तसंच, असं एउफेमिया मावशी म्हणते.

निवडुंगावरचे किडे वाळवून, वाटून
मी किरमिजी पूड केली होती.
मावशीच्या पत्र्याच्या मगावर
खिळ्यानं कोरलेल्या तीन रेघा. तिसरी अगदी काठाला.
"पाऊण किलो लोकरीला दोन रेघा,"
एवढंच सांगून ती बाजाराला गेली
आणि मागे ठेवून गेली
पुरती एक किलो लोकर.

मी आब्दोन गुरुजींची वही काढली.
दोन-तृतीयांश. तीन-चतुर्थांश.
एकाला दुसऱ्यानं भागायचं, खालचा उलटा करून गुणायचा,
हे मला झोपेतही येत होतं.
फक्त कुणाला कुणानं
ते वहीत नव्हतं.
उत्तर आलं नऊ-अष्टमांश.
म्हणजे एक मग, वर अदपाव.
छान, म्हटलं, आणि ओतलं.

तासाभरानं काठीवर उचलली लड,
तर लाल कुठला! जांभळ्या मक्याच्या कणसाकडे
निघालेला कसलासा रंग,
अर्ध्या वाटेत थबकलेला.

मावशी ओरडली नाही.
लडीचं टोक चिमटीत पिळून उन्हात धरलं.
"हिशेब बरोबर आहे रे रोमुलो,
पण उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं.
एका मगात किती लोकर रंगेल, ते काढलंस.
लोकर तर एक किलो होती,
तिला रंग किती, ते कोण काढणार?"

मग चुलीतली राख पसरून
तिनं पाव-पाव किलोचे तीन खडे मांडले,
दोन रेघा तिघांत वाटून दिल्या,
आणि चौथा खडा आणून शेजारी ठेवला.
"बघ. चौघांचं मिळून
पावणेतीन रेघांनाही जरा कमीच.
काठाला पोचतच नाही,
आणि तू काठावरून वर गेलास.
एक फार लबाड असतो, पोरा.
मी एक, मी एक म्हणत येतो,
कुणाचा ते सांगत नाही.
दर विचारण्याआधी
त्याला त्याचं घर विचारावं."

ती लड आठवडाभर दोरीवर लोंबली,
कुणी हात लावेना.
रविवारी आरेकिपाहून एक बाई आली, हॉटेलवाली,
सगळे लाल, सगळे निळे ओलांडून
नेमकी तिथं थांबली.
"हाच. दोन किलो.
अगदी हाच हवा, जरासुद्धा इकडेतिकडे नको."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं.
मी वही उघडली नाही.
"सव्वादोन मग," म्हणालो.

चूकसुद्धा पुन्हा तशीच करायची
तर प्रमाणातच करावी लागते.

मी खिळा घेऊन मगाशी बसलो होतो बराच वेळ.
पण अदपाव कोरणार कुठं?
काठाच्या वर तर नुसती हवा असते,
तीही आमच्याकडची, विरळ.