वापसीचे पैसे

त्या फोटोनं मला एक शाल मिळवून दिली, एक पितळी पाटी,
आणि दर सव्वीस जानेवारीच्या पुरवणीत
बोटभर जागा, माझ्या नावासकट.
मॉरिस कॉलेजचा टी-पॉइंट, डिसेंबर एकोणनव्वद.
विणकरांचा मोर्चा, सुताचे भाव.
बल्ल्यांच्या पलीकडे एक बाई, मूठ वर.
खालची ओळ डेस्कवरच्या कुणीतरी दिली: ‘लोकशाहीची मूठ’.
ओळ माझी नव्हती.
पण मी ती परतही केली नाही.

अधिवेशन आलं की आम्ही सहा-सातजण
दुभाजकावर चढून उभे,
गळ्यात दोन-दोन कॅमेरे, पोटात तर्री-पोहे.
मंत्री निवेदन घ्यायला आले तर कोपरांनी लढायचं,
नाही आले तर गर्दीतला एक चेहरा निवडायचा.
आम्हीही निवडतच होतो की.
पाच हजारांतून एक.
शाई नाही, यादी नाही,
नुसतं बटण.

गेल्या उन्हाळ्यात जुन्या निगेटिव्हना ऊन दाखवताना
भिंगाखाली तीच बाई आली.
अठ्ठ्याण्णवला अंगणवाडीच्या मोर्चात.
मग रेशनच्या.
तेराला निराधार योजनेच्या, आता चष्मा लावून.
झेंडे वेगळे,
मान तशीच, किंचित डावीकडे.
माझ्या वहीत चारही वेळा एकच नोंद:
‘मोर्चेकरी महिला’.

विचारत विचारत गोळीबार चौकात पोचलो.
पिको-फॉलच्या दुकानामागे, लेकीकडे राहते.
“या जी,” म्हणाली,
जसा काही मलाच उशीर झाला होता.
फोटो हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला.
मग हसायला लागली.

“हे मूठ नाही ना जी. वापसीचे पैसे होते.
दोघींचे. भिवापूरचं एसटीचं भाडं.
गर्दीत कोणी हात मारन म्हणून वर धरले.”

पस्तीस वर्षं मी त्या मुठीत घोषणा ऐकत होतो.

“अन् सायत्रा कुठं गेली?”
कोण सायत्रा?
“माही बहीण. इथं होती, या बाजूनं.”
तिनं बोट टेकवलं ते फोटोच्या कडेबाहेर,
सतरंजीवर.

रात्री अख्खी फ्रेम काढली, काहीही न कापता.
सायत्रा होती.
घोषणा तीच देत होती.
गळ्याच्या शिरा तट्ट, हात रिकामे,
एका हातानं बहिणीचा पदर धरलेला.
मागे एक शिपाई जांभई देत होता,
शेंगदाणेवाला सुट्टे मोजत होता,
कुणाची तरी चप्पल एकटीच रस्त्यावर.
इतकं सगळं त्या दिवशी माझ्या डोळ्यांत मावलं होतं.
चार कॉलममध्ये मावलं नाही.

दुसऱ्या दिवशी नेऊन दिली.
पंचफुलाबाई काही बोलली नाही बराच वेळ.
मग म्हणाली, “घरात तिचा फोटोच नाही.
मतदानाच्या कार्डावर आहे एक,
त्यात तं ते मलेच ओळखू येत नाही.”

मागं नावं लिहून मागितली.
चकचकीत कागदावर पेन घसरत होतं,
पेन्सिल घेतली.
पंचफुला धकाते. सायत्रा...
थांबलो. तिनं आडनाव सांगितलं. मी लिहिलं,
आयुष्यात पहिल्यांदा, ‘डावीकडून’ असं न लिहिता.

“अन् हा मधातला पोलीस?”
त्याचं नाव मला कुठलं माहीत असणार, बाई.

तिनं फोटो उलटा करून पुन्हा सुलटा केला.
“मंग पुसाचं होतं ना जी.”