चौदा नंबर

धायरी फाट्याच्या पुढं, पत्र्याखाली,
डोईफोडे सरांची वॅगन-आर स्टँडवर.
उजवं पुढचं चाक काढून आडवं निजवलंय
आणि मी डिस्कसमोर मांडी घालून,
जेवायला बसल्यासारखी.

गाडी नदीकाठच्या सोसायटीतली.
मुठा पार्किंगमध्ये आली तेव्हा स्टिअरिंगपर्यंत बुडाली होती.
सीट बदलल्या, वास गेला,
वायरिंगवाल्यानं त्याचे पैसे घेतले.
ब्रेककडं कुणी बघितलं नाही.
लागत होता ना.
मग एक दिवस सुटेना झाला.
कात्रज उतरताना चाक तापलं, जळका वास,
सरांना वाटलं, कुणीतरी कचरा पेटवलाय.

कॅलिपरला मागून दोन बोल्ट.
वरचा आला. कुरकुरत, पण आला.
खालचा नाही.

त्याचं डोकं एकेकाळी चौदा नंबरचं.
आता नुसते पापुद्रे,
वाळल्या बोरासारखं.
बाराकोनी पाना घसरला, कोपरे झिजले,
बोटं ब्रॅकेटवर आपटली
आणि मी जे बोलले
ते सरांनी ऐकलं नसावं.

दस्तगीरचाचा चहाचा ग्लास धरून म्हणाले,
"सहाकोनी सॉकेट घे. ठोकून बसव.
तेल दिलंस?"
दिलं.
"मग दम धर. तेल चालत जातं, पळत नाही."

सर दर दहा मिनिटांनी खुर्चीतून उठतात,
वाकून बघतात, चष्मा सावरतात.
"एकच बोल्ट ना?"
एकच, सर.

हातोडीनं टिचक्या. हाणायचं नाही,
दार वाजवायचं, आत कुणी आजारी असल्यासारखं.
पुन्हा तेल.
ज्योत लावता येत नाही, शेजारी ब्रेकचा रबरी पाईप.
नळाचा जुना पाईप पान्याच्या दांड्यावर चढवला,
माझी ताकद हातभर लांब झाली.
ओढलं.
बोल्ट हलला नाही. गाडी हलली.
उठून स्टँड बघितला. बसले. ओढलं.

साडेअकराला चाचा शेजारी उकिडवे बसले.
"वैजू, तू कुठून बघतेस?"
समोरून.
"तो कुठून आत गेलाय?"

...मागून.

एवढंच बोलून ते ग्लास विसळायला गेले.

वरचा काढताना मी आत मान घालून वाकले होते.
खालच्याला जोर लावायचा म्हणून पुढं येऊन बसले
आणि बाजू बदलली हे हातांना सांगायचं राहिलं.
अर्धा तास मी त्याला आवळत होते.
बिचारा सांगितलं तसंच करत होता,
शिव्या खात.

चाचांना कधी कळलं होतं,
ते मी विचारलं नाही.

पाईप उलटा धरला. श्वास. वजन हळूहळू, झटका नाही.
कट्.

तुटला काय, सुटला काय,
पहिला आवाज सारखाच असतो.
पोटात गोळा येतो.
पाना एकदम हलका झाला तर तुटला.
जड राहिला तर सुटला.

जड राहिला.

पुढचं काम साधं.
कॅलिपर तारेनं स्प्रिंगला टांगला,
पाईपवर लोंबकळू द्यायचा नाही.
पिन घासून काढली, आत नदीची रेती निघाली, चमचाभर.
ग्रीस. नाना पेठेतून आणलेला नवा बोल्ट
पहिले चार आटे बोटांनी गेला,
काही घडलंच नव्हतं जसं.

बिल लिहिताना पेन अडलं.
पिन, बोल्ट, ग्रीस, मजुरी.
तेल आत जाईपर्यंत बसले, त्याला रकाना नाही.
उलट्या बाजूनं घातलेला अर्धा तास
मी सरांना सोडला. त्यांना माहीत नाही.

रात्री वॉशिंग मशीन खडखडलं.
आईनं झाकण उघडून झिजकं डोकं बाहेर काढलं,
ट्यूबलाईटखाली धरलं.
"हे काय मोडून आणलंस?"

मोडलं नाही गं, म्हटलं.
निघालं.