पाचपेक्षा कमी

बजेट नाही, कीथ म्हणाला, दारोदार फिरायला.
आधी कुणीतरी विचारलंय ना, तेच वाच
आणि शुक्रवारपर्यंत सांग
जाहिरात कुणाच्या फोनवर, किती वाजता.

म्हणजे उष्टं.
दुसऱ्यांनी विचारून टाकलेले प्रश्न,
आयत्या बिळातली आकडेवारी.
ग्रिम्सबीच्या कौन्सिलात, तिसऱ्या मजल्यावर,
हीटरला पाय लावून वाचत बसले:
जनगणना, दवाखान्यांचे तक्ते,
आतड्याच्या कॅन्सरची ती टपालाने येणारी नळी,
किती गेल्या, किती परत आल्या.

गोदीपलीकडच्या गल्ल्यांतून निम्म्याही नाहीत.

एका जुन्या अहवालाच्या शेपटाला, परिशिष्टात,
मॉरीन हॉब्सन भेटली.
पंधरा वर्षांपूर्वी ती खरंच फिरली होती.
उत्तरांच्या कडेला तिचं पेन्सिलीतलं अक्षर,
तिरकं स्कॅन झालेलं:
मासे कापून आलाय, हात धुतल्याशिवाय दार उघडत नाही.
पाकीट घड्याळामागे. बायको गेल्यापासून घड्याळ बंद.
हसतात. मग गप्प होतात.
यांना पहाटे चारला विचारायला हवं, डबा भरताना.

त्या एका ओळीवर मी सगळं बेतलं.
पहाटे चार. पंधरा सेकंद.
आवाज नको, शेजारी कुणी झोपलेलं असतं.
आधी घड्याळ दिसू दे, त्यामागचं पाकीट,
कॅन्सर हा शब्द अगदी शेवटी.

मग उगाच, चहा निवेपर्यंत,
तक्त्याला चाळण्या लावत गेले.
आमचा वॉर्ड. भारतीय. स्त्रिया.
पन्नास ते चौपन्न. नळी परत नाही.
आकड्याच्या जागी एक चांदणी,
आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात:
पाचपेक्षा कमी, ओळख पटू नये म्हणून लपवले.

चौघी असतील. किंवा दोघी.
फार्मसीतल्या चावडाबाई नसणार,
त्या पाकीट आलं त्याच दिवशी पाठवतील.
मी बोटं मोजत होते
आणि पहिलंच बोट माझं होतं.

माझं पाकीट फ्रीजवर आहे,
मायक्रोवेव्हच्या गॅरंटीकार्डाखाली, जुलैपासून.
त्यावर एकदा भाजीची यादीही केली होती.

शुक्रवारी योजना दिली.
संदर्भसूचीत मॉरीन सगळ्यात वर,
आडनावाचा क्रम मोडून.
कीथ म्हणाला, नवीन काही सापडलं?
नाही, म्हटलं, सगळं आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं.
चांदणीचं बोलले नाही.

घरी जाताना कोपऱ्यावर थांबून
टपालपेटीवरची पाटी वाचली.
अकरा वर्षं तिच्यावरून जाते आहे.
शेवटची उचल सव्वापाच.