पाचवं छप्पर

चार छपरं मिळाली होती:
कंपू, पडाव, थाटीपूर, मोरार.
मोरारचं कुशवाहांचं, पाण्याच्या टाकीला तारेनं आवळलेलं,
भाडं महिना तीनशे,
घरी लग्नकार्य निघालं की आमची वीज बंद.
विमानतळाकडच्या घारींचा ठाव हवा होता आम्हाला,
कुठे आहेत, किती वेगानं, कुणीकडे,
इंजिनात ओढल्या जाण्याआधी.

एक छप्पर हाक मारतं, चारही ऐकतात.
मग दुसरं मारतं.
उत्तराला उशीर किती झाला त्यावरून एवढंच समजतं
की घार एका लंबवर्तुळावर कुठेतरी आहे;
'अर्ध्या तासात येतो' म्हणणारा माणूस
अर्ध्या तासावर कुठेही असतो, तसं.
दुसऱ्या जोडीचं दुसरं लंबवर्तुळ. तिसऱ्या जोडीचं तिसरं.
सगळी जिथे छेदतात तिथे बोट ठेवायचं.

किल्ला आधी वजा करावा लागतो.
सगळ्यात मोठ्यानं ओ देतो तोच,
आणि रात्रंदिवस तीच ओ.
इंगळे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं,
"वैजयंती, शहर पुसून टाक. उरेल ती घार."

वेगाचं त्याहून अवघड.
लहर परतते ती जराशी चढी, नाहीतर जराशी उतरती.
चढी म्हणजे जवळ येतंय, उतरती म्हणजे लांब जातंय.
बस. आडवं काही कळत नाही.
घारीनं अंतर राखून फेर धरला
तर त्या छपरापुरती ती उभीच.
किल्ल्याबरोबर पुसली जाते.

एप्रिलात आकडे आले, आणि घारी दुप्पट.
एक थवा विमानतळाच्या कुंपणावर,
दुसरा सिरोलच्या माळावर,
तेवढाच, तसाच, उलटा फिरणारा.
स्कूटर घेऊन मी सिरोलला गेले.
आभाळ रिकामं. बकऱ्यांमागे एक म्हातारा.
घारी दिसल्या का, विचारलं तर म्हणाला,
आज इथे काही मेलेलं नाही.

सर हसले. "चारही छपरं एका सरळ रेषेत आली गं.
रेषेच्या कुठल्या बाजूला, हे रेषेला कसं कळणार?
पाचवं हवं, बाजूला सरकलेलं.
हजीऱ्याकडे आहे कुणी ओळखीचं?"

हजीऱ्याला कालिंदी आहे.

सख्खी बहीण. अकरा वर्षं.
मी लष्करात, ती किल्ल्याच्या पलीकडे,
अंतर साडेपाच किलोमीटर,
आईच्या पाटल्यांवरून तुटलं तेव्हाही तेवढंच होतं.
अंतर बदललं नाही, म्हणून
ती हलली नसेल असं मी धरून चाललेले.
गुडघे गेलेत तिचे. मुलगी भोपाळला.
जिन्याला नवा कठडा, तोही आता गंजलेला.
हे सगळं मला आडवं घडलं.

"छप्पर?" तिनं विचारलं.
"छप्पर."
"आणि पकडता काय त्यातून?"
"घारी."
"पाटल्या नाही ना सापडत?" म्हणाली,
आणि खुंटीवरची किल्ली काढून दिली.
चहा विचारला नाही. मीही थांबले नाही.
वर केबल ओढताना खालून फक्त
तिचा आवाज आला, "कोपऱ्यातली फरशी हलते, जपून."

गुरुवारी पावणेसहाला सिरोलवरचा थवा विरला.
कुंपणावर सात घारी राहिल्या,
एकेकीला एकेकच बाण,
एक तर चक्क धावपट्टीकडे पाठ करून निघालेली.
सरांनी टेबलावर थाप मारली, समोसे मागवले.

फक्त पाचव्या वाहिनीवर, अगदी हाताशी,
शून्याच्या अलीकडे-पलीकडे काहीतरी थरथरतं.
थोडं जवळ, थोडं लांब, थोडं जवळ.
"गाळून टाक," सर म्हणाले,
"कुणीतरी कपडे वाळत घालतंय अँटेनापुढे."
गाळणी कुठे लावायची ते ठाऊक आहे मला.
उद्या लावते, म्हणाले.

आज वारा पश्चिमेचा.
दोन साड्या असाव्यात, आणि एक जड चादर.